‘आम्ही त्याच्या पाठीशी आहोत’ असं फुटबॉलचा कोच म्हणतो, तेव्हा खेळाडूला नेमकं काय मिळतं?

वर्ल्ड कप असो, युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग असो, नाहीतर आपली इंडियन सुपर लीग. हरलेल्या सामन्यानंतरची पत्रकार परिषद बहुतेक वेळा सारखीच असते. कुणीतरी पेनल्टी वाया घालवलेली असते, किंवा गोलकीपरच्या हातून चेंडू निसटलेला असतो. पत्रकार त्याच्याबद्दल खोदून खोदून विचारतात आणि कोच सांगतो, ‘आमचा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे.’ टीव्हीसमोर बसलेला माणूस म्हणतो, बोलायला काय जातंय! पुढच्या सामन्यात तोच खेळाडू बाकावर दिसला, की टीव्हीसमोरचा माणूस आणखी खूश.

या माणसाची शंका रास्त आहे. इंग्लंडमध्ये तर जुना विनोदच आहे: क्लबच्या अध्यक्षाने कोचवर जाहीर विश्वास दाखवला, की कोचने सामानाची बांधाबांध सुरू करावी.

तरीही ‘कोच पाठीशी उभा राहिला म्हणून मी उभा राहिलो’ असं सांगणारे खेळाडू प्रत्येक पिढीत सापडतात, आणि ते काही सगळेच उगाच गोड बोलणारे नसतात. मग खरं काय? माझं मत आधीच सांगून टाकतो. पाठिंबा काम करतो, पण त्यासाठी कोचला स्वतःचं काहीतरी पणाला लावावं लागतं. संघातली जागा, स्वतःची अब्रू, कधी स्वतःची नोकरी. हे कसं घडतं ते बघायला १९८२ च्या इटलीसारखं उदाहरण नाही.

चार सामने, शून्य गोल

पाओलो रॉसी हा इटलीचा स्ट्रायकर. अंगाने किरकोळ, पण गोलपोस्टसमोर चेंडू कुठे पडणार हे इतरांच्या आधी ओळखणारा. १९७८ च्या वर्ल्ड कपमध्ये एकविशीतल्या या पोराने तीन गोल केले होते. पुढे १९८० मध्ये इटलीत सामन्यांवरच्या बेकायदा सट्ट्याचं मोठं प्रकरण उघडकीला आलं. ‘टोटोनेरो’ या नावाने ते ओळखलं जातं. त्यात रॉसीवर बंदी आली. आधी तीन वर्षांची, मग कमी होऊन दोन वर्षांची. आपण निर्दोष असल्याचं तो शेवटपर्यंत सांगत राहिला.

बंदी संपली १९८२ च्या एप्रिलअखेरीस. वर्ल्ड कप जूनच्या मध्यावर. मधल्या काळात युव्हेंटस क्लबकडून तो लीगचे जेमतेम तीन सामने खेळला. आणि इटलीचे कोच एन्झो बेअरझोट यांनी त्याला वर्ल्ड कपच्या संघात घेतलं. त्या मोसमात इटालियन लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा रोमा क्लबचा रोबेर्तो प्रुझो मात्र घरी राहिला.

आपल्याकडे रणजीचा हंगाम गाजवणाऱ्याला डावलून दोन वर्षं बंदीत काढलेल्या माणसाला विमानात बसवलं असतं, तर काय झालं असतं याची कल्पना करा. इटलीत तेच झालं. स्पेनमधल्या विगो शहरात पहिले तीन सामने झाले. पोलंडशी ०-०, पेरूशी १-१, कॅमेरूनशी १-१. रॉसीचे गोल शून्य. पेरूविरुद्ध तर मध्यंतरालाच त्याला बाहेर काढावं लागलं. इटली पुढच्या फेरीत गेली ती केवळ कॅमेरूनपेक्षा एक गोल जास्त केला होता म्हणून. वर्तमानपत्रांनी इतकं झोडपलं, आणि खेळाबाहेरच्या गोष्टींवरूनही इतकं लिहिलं, की संघाने पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. बोलायची परवानगी एकट्या कॅप्टन दिनो झोफला. तो मुळातच अबोल. म्हणजे मौनव्रतच म्हणायचं.

पुढच्या फेरीत गाठ पडली मॅराडोनाच्या अर्जेंटिनाशी आणि झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ यांच्या ब्राझीलशी. अर्जेंटिनाला इटलीने २-१ असं हरवलं, पण गोल केले तार्देली आणि काब्रिनी यांनी. रॉसी अजून कोराच. चार सामने झाले होते. इथे कोणताही शहाणा कोच बदल करतो. बेअरझोट यांनी ब्राझीलविरुद्ध पुन्हा रॉसीलाच उतरवलं.

५ जुलै १९८२, बार्सिलोनातलं सारिया स्टेडियम. उपांत्य फेरीत जायला ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. पाचव्या मिनिटाला डावीकडून काब्रिनीचा क्रॉस आला आणि मागच्या पोस्टपाशी मोकळ्या राहिलेल्या रॉसीने हेडर मारला. सॉक्रेटिसने बरोबरी साधली. पंचविसाव्या मिनिटाला ब्राझीलच्या सेरेझोने आपल्याच अर्ध्यात निष्काळजीपणे आडवा पास दिला. रॉसी मधे घुसला, चार पावलं पुढे गेला आणि चेंडू जाळ्यात. फाल्काओने २-२ केलं. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला कॉर्नरनंतरच्या गर्दीत चेंडू उसळला, रॉसीने फक्त पाय लावला. ३-२. ब्राझील घरी.

उपांत्य सामन्यात पोलंडविरुद्ध दोन गोल, अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध पहिला गोल. चार सामन्यांत शून्य आणि पुढच्या तीन सामन्यांत सहा. वर्ल्ड कप इटलीला, सर्वाधिक गोलांचा मान रॉसीला, आणि वर्षअखेर युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ओरही त्यालाच.

आत्मविश्वास येतो कुठून?

हे वाचून वाटेल की कोचने पाठ थोपटली, पोरगं पेटून उठलं. तसं नाही. तसं असतं तर पोलंडविरुद्धच पेटलं असतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये एक कल्पना मांडली. तिला मराठीत ‘स्व-क्षमतेवरचा भरवसा’ म्हणता येईल: हे अमुक काम मला जमेल, असं माणसाला मनापासून वाटणं. ‘मी भारी आहे’ या सर्वसाधारण भावनेहून ही गोष्ट वेगळी. एखादा खेळाडू एरवी बिनधास्त असतो, पण पेनल्टी घ्यायची म्हटलं की त्याचा घसा कोरडा पडतो.

बांडुरांच्या म्हणण्यानुसार हा भरवसा चार ठिकाणांहून येतो. सगळ्यात पक्का येतो तो काम स्वतः करून जमल्यावर. दुसरा, आपल्यासारख्या कुणाला तरी ते करताना पाहून. तिसरा, कुणीतरी ‘तुला जमेल’ असं सांगितल्यावर. आणि चौथा शरीराकडून, म्हणजे छातीतली धडधड आपण भीती म्हणून वाचतो की तयारी म्हणून, त्यावरून.

कोचचं बोलणं तिसऱ्या खणात येतं. ते उपयोगी आहे, पण पहिल्या खणापुढे फिकं. मात्र पहिल्या खणाची किल्लीसुद्धा कोचच्याच खिशात असते! कुणाला मैदानावर उतरवायचं आणि किती मिनिटं ठेवायचं, हे तोच ठरवतो. दोन वर्षं सामने न खेळलेल्या रॉसीला भाषणाची गरज नव्हती, त्याला खऱ्या सामन्यातली मिनिटं हवी होती. धावण्याचा अंदाज, बचावपटूच्या खांद्याचा धक्का, चेंडू येण्याआधीचं ते अर्धं पाऊल, हे सरावात पूर्ण परत येत नाही. ती मिनिटं बेअरझोट यांनी त्याला वर्ल्ड कपमध्ये दिली. सगळ्यात महाग बाजारात.

हा व्यवहार कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या उधारीसारखा आहे. वाणी वहीवर लिहून माल देतो तो दयेपोटी नव्हे. हे गिऱ्हाईक किती वर्षांचं, मागे पैसे कसे चुकते केले, हे त्याला ठाऊक असतं. रॉसीच्या नावावर १९७८ चे तीन गोल जमा होते. आणि अडचणीच्या महिन्यात ज्याने रेशन भरून दिलं, त्याच्याकडे माणूस पुढे वर्षानुवर्षं जातो, समोर स्वस्त मॉल उघडला तरी. आत्मविश्वास आणि निष्ठा अशा एकाच व्यवहारातून येतात. हां, उधारीला मर्यादा असते, हेही दोघांना माहीत असतं. त्याकडे पुढे येऊच.

भीतीने पायाचं काय होतं

पुढच्या चुकीला बाकावर बसावं लागेल अशी भीती असलेला स्ट्रायकर जवळून बघा. तो आळशी होत नाही, उलट जास्त धावतो. पण अशा जागी धावतो जिथे त्याला पास देता येणार नाही. बचावपटूच्या बरोबर मागे, सावलीत. हात वर करून चेंडू मागतो, मिळणार नाही याची खात्री करून. मिडफिल्डरचं असंच: पुढे फटीतून पास द्यायचा तर चुकू शकतो, म्हणून बाजूला देतो, मागे देतो. गंमत म्हणजे आकड्यांत हे दिसत नाही. त्याच्या अचूक पासची टक्केवारी उलट वाढते. संघ मात्र गोलपोस्टच्या जवळपासही फिरकत नाही.

चेंडू पायाशी आला की आणखी एक गोष्ट होते. जे काम शरीर वर्षानुवर्षं आपोआप करत आलं, ते माणूस विचार करून करायला लागतो. पाय कुठे ठेवू, आतल्या बाजूने मारू की वरून? तेवढ्यात समोरचा पाय आडवा येतो. गोलसमोर अर्धा सेकंद म्हणजे खूप झाला.

पेनल्टीत हे मोजता येतं. नॉर्वेचे संशोधक गेर यॉर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांमधले शूटआउट, म्हणजे बरोबरीनंतर पेनल्टींवर निकाल लावलेले सामने, तपासले. ‘हा गोल झाला तर आपण जिंकलो’ अशा वेळी मारलेल्या पेनल्टींपैकी ९० टक्क्यांहून अधिक गोल झाले. ‘ही हुकली तर आपण हरलो’ अशा वेळी हा आकडा ६० टक्क्यांच्या आसपास घसरला. अंतर तेच, गोलपोस्ट तेवढाच, खेळाडूही त्याच दर्जाचे. बदललं ते डोक्यात काय चाललंय तेवढंच.

इथे कोचचा पाठिंबा काय करतो? धैर्य वगैरे मोठे शब्द बाजूला ठेवू. तो चुकीची किंमत कमी करतो. हुकलं तर सामना जाईल, पण माझी जागा जाणार नाही आणि मला एकट्याला फासावर देणार नाहीत, एवढं पक्कं असलं, की डोक्यातला एक भुंगा कमी होतो.

२०२१ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफोर्ड, सांचो आणि साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या. तिघांवरही अत्यंत घाणेरड्या वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. कोच गॅरेथ साउथगेट यांनी स्पष्ट सांगितलं, पेनल्टी कुणी मारायच्या हे मी ठरवलं, जबाबदारी माझी. त्यांनी हे म्हणण्याला वजन होतं, कारण १९९६ च्या युरोत जर्मनीविरुद्ध पेनल्टी हुकवून इंग्लंडला बाहेर काढणारे खेळाडू ते स्वतःच होते. २०२४ च्या युरोत स्वित्झर्लंडविरुद्ध पुन्हा शूटआउट झालं. साउथगेट यांनी साकाला पुन्हा पाठवलं आणि त्याने गोल केला. त्या रात्री इंग्लंडच्या पाचही पेनल्टी आत गेल्या.

बेकहॅम आणि एक फोन

निष्ठेचा भाग समजायला दुसरी गोष्ट. ३० जून १९९८, फ्रान्समधलं सेंट-एतिएन, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. उत्तरार्ध सुरू होऊन दोन-तीन मिनिटं झालेली. दिएगो सिमिओनेने डेव्हिड बेकहॅमला मागून पाडलं. पालथ्या पडलेल्या बेकहॅमने पाय झटकून सिमिओनेच्या पोटरीला लावला. लागलं काही नाही, पण पंच समोरच उभे. लाल कार्ड. दहा जणांनी लढून २-२ टिकवलं, शूटआउटमध्ये मात्र इंग्लंड बाहेर.

बेकहॅम तेव्हा तेवीस वर्षांचा. एका वर्तमानपत्राने त्याच्या चेहऱ्याचं डार्टबोर्ड छापलं. लंडनमधल्या एका पबबाहेर त्याचा पुतळा फासावर टांगला गेला. त्या दिवसांत मँचेस्टर युनायटेडचे कोच अॅलेक्स फर्ग्युसन यांनी त्याला फोन केला: परत ये, इथे तुझी माणसं आहेत, काळजी करू नको. बेकहॅमने हे पुढे अनेकदा सांगितलं आहे.

पण नुसत्या फोनवर ही गोष्ट थांबली असती तर आज मी ती लिहिली नसती. ऑगस्टमध्ये मोसमाचा पहिला सामना ओल्ड ट्रॅफर्डवर लेस्टरशी झाला, आणि बेकहॅम पहिल्या अकरात होता. फ्री किकही त्याच्याकडेच, कॉर्नरही त्याच्याकडेच. युनायटेड ०-२ मागे पडली होती. एक गोल शेरिंगहॅमने फेडला, आणि अगदी शेवटी मिळालेल्या फ्री किकवर बेकहॅमने चेंडू भिंतीवरून वळवून जाळ्यात घातला. पुढच्या आठवड्यात वेस्ट हॅमच्या मैदानावर त्याच्या प्रत्येक स्पर्शाला हुर्यो झाली. फर्ग्युसन यांनी त्याला लपवलं नाही. त्या मोसमात युनायटेडने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही जिंकले. चॅम्पियन्स लीगच्या बार्सिलोनातल्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या बायर्न म्युनिकविरुद्ध भरपाईच्या वेळेत झालेले दोन्ही गोल बेकहॅमच्या कॉर्नरवरून आले.

निष्ठा फक्त त्याच्याकडूनच मिळते का?

ज्याला वाचवलं तो कृतज्ञ राहणार, यात नवल नाही. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते ड्रेसिंग रूममधले उरलेले वीस-बावीस जण. ते सगळं बघत असतात. आज त्याच्यावर वेळ आली, उद्या माझ्यावर येईल, तेव्हा हा माणूस कॅमेऱ्यासमोर माझं नाव घेणार की स्वतःचं, हा हिशेब प्रत्येक जण मनात करतो. हिशेब कोचच्या बाजूने लागला, की बऱ्याच गोष्टी आपोआप सुरळीत होतात. मांडीचा स्नायू ओढतोय हे खेळाडू वेळेवर सांगतो, लपवत नाही. आवडत नसलेल्या जागी खेळायला सांगितलं तर तोंड वाकडं न करता खेळतो. बदली म्हणून बाहेर काढलं तर बाटली न आपटता बसतो. बाहेरून आपण ज्याला ‘संघभावना’ म्हणतो, त्यातला बराच भाग या हिशेबातून आलेला असतो.

उलट बाजूही तितकीच झटपट पसरते. कोचने एकाला पत्रकारांसमोर उघडा पाडला, की बाकीच्यांना निरोप पोहोचतो. त्यानंतर ड्रेसिंग रूममधल्या गोष्टी वर्तमानपत्रात यायला लागतात, आणि कोच ‘घरभेदी कोण’ ते शोधत बसतो.

पण हे लाड झाले नाहीत का?

हा आक्षेप जुन्या वळणाच्या लोकांचा असतो, आणि त्यात दम आहे. पाठिंबा म्हणजे चुकीला चूक न म्हणणं, असा अर्थ घेतला तर खेळाडू डोक्यावरच बसेल.

म्हणून फर्ग्युसन यांच्याकडे नीट बघावं. मध्यंतराला खेळाडूच्या नाकासमोर उभं राहून ते इतक्या जोरात ओरडत, की त्याला ‘हेअरड्रायर’ असं नावच पडलं होतं. पण हे दार लावून. बाहेर येऊन खेळाडूबद्दल वाईट बोलणं ते शक्यतो टाळत, पंचांना दोष देत, वेळापत्रकाला देत, पत्रकारांशीच भांडत. (पंचांना त्यात नाहक बोलणी बसत, हे वेगळं.) आत कठोर आणि बाहेर ढाल. खेळाडूला राग नको असतो असं नाही. चारचौघांतली बेअब्रू नको असते.

आणि फर्ग्युसन यांचीही ढाल कायमची नव्हती. फेब्रुवारी २००३ मध्ये आर्सेनलकडून हरल्यावर त्यांनी रागाच्या भरात जमिनीवरच्या बुटाला लाथ मारली, तो उडून बेकहॅमच्या डोळ्यावर लागला आणि जखम झाली. त्याच उन्हाळ्यात बेकहॅम रेआल माद्रिदला गेला. २००५ मध्ये कॅप्टन रॉय कीनने क्लबच्या वाहिनीला दिलेल्या मुलाखतीत सहकाऱ्यांची सालटी काढली, तर बारा वर्षांची सेवा असूनही त्याला जावं लागलं. खेळातली चूक माफ, संघाच्या आतलं बाहेर नेणं नाही. ही रेघ सगळ्यांना माहीत होती.

कोट्यवधी पगार घेणाऱ्यांची कसली आलीय निष्ठा?

खरं आहे, पैसा मोठा आहे. करार संपला, दुप्पट पगाराचा देकार आला, की बहुतेक जण जातात, आणि त्यात गैर काही नाही. खेळाडूचं कमावण्याचं वय दहा-बारा वर्षांचं. त्याने कोचच्या प्रेमाखातर घराचं नुकसान करावं, अशी अपेक्षा आपण आपल्या ऑफिसात तरी करतो का?

पण निष्ठा म्हणजे आयुष्यभर एकाच क्लबात राहणं, असं धरलं तर मुद्दा हातातून निसटतो. १९९५ च्या जानेवारीत युनायटेडच्या एरिक काँतोनाने शिवीगाळ करणाऱ्या प्रेक्षकावर उडी घेऊन लाथ मारली. सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी, वर कोर्टाची समाजसेवेची शिक्षा. तो इंग्लंड सोडायला निघाला होता. फर्ग्युसन स्वतः पॅरिसला जाऊन त्याला भेटले आणि मनवून परत आणलं. पुढच्याच मोसमात युनायटेडने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल काँतोनाचा. वर्षभराने त्याने खेळणंच सोडलं. म्हणजे तो ‘राहिला’ फार थोडा काळ. पण होता तेव्हा काहीही राखून न ठेवता खेळला. कोचला निष्ठेतून हवं असतं ते एवढंच.

गोव्यात आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली धेंपो क्लबने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तिथे गाभ्यातले अनेक खेळाडू वर्षानुवर्षं टिकले. त्याचं सगळं श्रेय कोचला द्यायचं कारण नाही, घराजवळ राहून खेळता येणं हाही मोठा भाग. कोल्हापुरात तर चित्र आणखी निराळं. तिथे खेळाडू ‘पाटाकडील’चा असतो किंवा ‘दिलबहार’चा असतो, निष्ठा तालमीशी आणि पेठेशी, कोच कुणी का असेना. शाहू स्टेडियमवर पेठेचा झेंडा फडकत असताना पाय मागे घ्यायची कुणाची टाप आहे? सांगायचा मुद्दा, कोचचा पाठिंबा हे निष्ठेचं एक कारण आहे, एकमेव नाही.

मग बाकावर बसलेल्याने काय घोडं मारलं?

सगळ्यात अवघड प्रश्न हा. रॉसीला दिलेला प्रत्येक मिनिट कुणाचा तरी काढून घेतलेला होता. मोसमभर गोल करूनही प्रुझो वर्ल्ड कपला गेला नाही, त्याच्या नजरेतून ही गोष्ट विश्वासाची नसून अन्यायाची आहे. जिंकल्यामुळे कुणी विचारलं नाही इतकंच. ब्राझीलविरुद्ध रॉसी कोराच राहिला असता, तर आज आपण बेअरझोट यांचं नाव हट्टी म्हाताऱ्यांच्या यादीत वाचलं असतं.

आणि खरं सांगायचं तर तो काळ आलाही. १९८२ च्या विजेत्यांवर बेअरझोट यांचा इतका जीव, की नव्यांना जागा देताना हात आखडला. १९८४ च्या युरोसाठी इटली पात्रसुद्धा ठरली नाही. १९८६ च्या वर्ल्ड कपला मेक्सिकोत गेले तेव्हाही जुन्यांपैकी बरेच जण सोबत होते. रॉसीही संघात होता, पण त्याला एकही मिनिट खेळवता आलं नाही. फ्रान्सने २-० ने हरवलं आणि बेअरझोट पायउतार झाले. ज्या गुणाने कप मिळवून दिला, त्यानेच चार वर्षांनी घात केला.

थांबायचं कधी, याचं सूत्र नाही. पण एक फरक करता येतो. खेळाडूला जुनं कौशल्य परत मिळवायला वेळ लागतोय, की ते कौशल्यच वयाने गेलंय? पहिल्याला मिनिटं द्यावीत. दुसऱ्याला कितीही मिनिटं दिली तरी उपयोग नाही, आणि तोवर तिसराच कुणीतरी बाकावर कुजत असतो.

माणसाच्या पाठीशी राहणं आणि जागा राखून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात. २०१८ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा गोलकीपर लोरिस कारियसने दोन भयंकर चुका केल्या. त्याआधी सामन्यातच त्याच्या डोक्याला मार बसला होता, आणि मेंदूला झटका बसल्याचं निदान डॉक्टरांनी नंतर केलं. कोच युर्गन क्लॉप जाहीरपणे त्याची बाजू घेत राहिले. तरी जुलैमध्ये लिव्हरपूलने दुसरा गोलकीपर अॅलिसन याला विकत घेतलं आणि कारियस लोनवर, म्हणजे उसना, तुर्कस्तानला गेला. कुणी याला दुटप्पीपणा म्हणेल. मला तो म्हणावासा वाटत नाही. क्लॉप यांनी त्याची थट्टा होऊ दिली नाही, आणि पुढचा कपही हातचा घालवला नाही: २०१९ मध्ये तो लिव्हरपूलने जिंकला.

आपल्या गल्लीतल्या मैदानावर

हे सगळं मोठ्या लोकांचं झालं. पण पाठिंब्याचा सगळ्यात स्पष्ट परिणाम दिसला तो मुलांमध्ये, आणि तोही फुटबॉलमध्ये नाही, बेसबॉलमध्ये. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी मुलांच्या कोचना एक छोटं प्रशिक्षण दिलं. प्रयत्नाचं कौतुक करा, चूक झाली की आधी धीर द्या आणि मग काय करायचं ते दाखवा, शिक्षा आणि टोमणे टाळा, इतकंच. पुढच्या मोसमात प्रशिक्षण न घेतलेल्या कोचकडची २६ टक्के मुलं खेळ सोडून गेली. प्रशिक्षण घेतलेल्यांकडची फक्त ५ टक्के. जिंकण्या-हरण्यात दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. आणि सर्वाधिक फायदा झाला तो स्वतःबद्दल कमी मत असलेल्या मुलांना. शाळेच्या संघात चेंडू आला की आधी कोचकडे बघणारं एक पोर असतं ना, त्याला.

आपल्याकडे शाळांच्या सामन्यांत रेषेबाहेर उभे असलेले कोच आणि पालक ऐकावेत. ‘अरे मार ना!’, ‘काय करतोयस?’, ‘कितीदा सांगितलं तुला!’ यातल्या एकाही वाक्यात पोराने पुढे काय करायचं हे नाही. ‘उजवीकडे मोकळा आहे’ हे वाक्य तेवढ्याच श्वासात मावतं.

आणि मुलाला संघातून काढायची वेळ आली तर? येतेच, अकरा जागा आणि वीस मुलं असली की येणारच. अशा वेळी नोटीस बोर्डवर यादी लावून कोच सटकतो, किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून देतो, हे मी फार ठिकाणी पाहिलंय. त्याऐवजी यादी लागण्याआधी त्या मुलाला बाजूला घ्यावं, या वेळी तू नाहीस हे स्वतः सांगावं, कारण सांगावं, आणि पुढच्या महिन्यात त्याच्याकडून नेमकं काय हवंय तेही. तो रडेल, चिडेल, कदाचित दोन दिवस सरावाला येणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे.